साखर खाणारा ठिपका

दाजींच्या पेट स्कॅनचा रिपोर्ट चार पानांचा होता. घरातल्या सगळ्यांनी त्यातल्या दोनच ओळी वाचल्या. पहिली: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात २३ मिलिमीटरची गाठ, एसयूव्ही मॅक्स ९.४. दुसरी: छातीच्या मधोमध असलेल्या दोन-तीन लसिकाग्रंथीही उजळलेल्या, एसयूव्ही मॅक्स ६.१. ताईने कागद खाली ठेवला आणि विचारलं, “म्हणजे पसरलाय, असंच ना?”

दाजी १९८८ पासून चंदीगडला. संरक्षण लेखा विभागात नोकरी, निवृत्तीनंतर तिथेच घर. पंजाबी इतकी सफाईदार की भाजीवाल्याला ते सांगलीकडचे आहेत हे सांगूनही पटत नाही. २००७ साली चंदीगड धूम्रपानमुक्त शहर म्हणून जाहीर झालं तेव्हा ते महिनाभर चिडलेले होते. सिगारेट सुटायला आणखी तीन वर्षं गेली. त्यांच्या रिपोर्टातली शेवटची ओळ मात्र कुणीच वाचली नाही. ऊतक-तपासणीशी पडताळून पाहावे, अशा अर्थाची ती ओळ होती. असे रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांना ती इतकी सवयीची झालेली असते की पत्राखालच्या ‘कळावे’सारखी ती नजरेआड होते. या निमित्ताने फुप्फुसाच्या कर्करोगातल्या पेटबद्दल जे जे वाचलं, विचारलं, ऐकलं, त्यावरून माझं मत असं झालंय की सगळा प्रश्न त्या एका ओळीत आहे.

पडद्यावर उजळते ती साखर. नेमकं सांगायचं तर साखरेचा तोतया. ग्लुकोजच्या रेणूतला एक छोटा भाग काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलं की फ्लुरोडिऑक्सिग्लुकोज, म्हणजे एफडीजी, तयार होतं. पेशीच्या दारावरचे वाहक त्याला ग्लुकोज समजून आत घेतात. आतलं हेक्सोकायनेज हे विकर त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. इथवर पेशवाईतल्या भाऊसाहेबांच्या तोतयासारखं सगळं सुरळीत चालतं. पुढची ओळख पटवायची वेळ आली की मात्र तो अडकतो. त्याचं पुढे पचन होत नाही, आणि शिक्का बसल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. जी पेशी साखरेला जास्त हपापलेली, तिच्यात असे तोतये जास्त साठतात. फ्लोरिन-१८ मधून निघणारा पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीचं कडं या जोड्या पकडून त्या कुठून निघाल्या हे ठरवतं. त्याच पलंगावर सीटी स्कॅनही होतो, म्हणून उजेड कुठल्या अवयवात पडला हे कळतं.

कर्करोगाच्या पेशी जास्त साखर खातात हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं. या माहितीचा आपल्याकडे भलताच उपयोग झाला आहे. कर्करोग झाला की घरचे पहिल्यांदा साखर बंद करतात, मग भात, मग फळं. रोगी आधीच वाळलेला असतो, तो आणखी वाळतो. साखर खाल्ली नाही तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं आणि गाठ त्यातलं आपलं घेतेच, हे समजावता समजावता डॉक्टरांचा घसा बसतो.

एफडीजी मुळात मेंदूसाठी बनलं. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो आणि सहकाऱ्यांनी ते तयार केलं. १९७६च्या ऑगस्टमध्ये ते विमानाने फिलाडेल्फियाला गेलं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अब्बास अलावी यांनी ते पहिल्यांदा माणसाला टोचलं. कर्करोगासाठी त्याचा वापर नंतरचा. भारतात पेट आलं २००२ साली, मुंबईत परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारातल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉनही तिथलाच. सायक्लोट्रॉन लागतो, कारण फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. दिल्लीहून माल भरलेली गाडी पानिपत, कर्नाल, अंबाला करत साडेचार तासांत चंदीगडला पोचली, तर निघताना असलेल्या शंभरातले जेमतेम अठरा उरतात. चंदीगडच्या पीजीआयकडे स्वतःचा सायक्लोट्रॉन आहे त्याचं महत्त्व या हिशेबात आहे. (पीजीआय म्हणजे १९६२ साली सुरू झालेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि काश्मीरच्या माणसाला तिचं पूर्ण नाव कधी लागत नाही.)

दाजींचा स्कॅन एका खासगी केंद्रात झाला, जानेवारीत. सकाळी अनशापोटी बोलावलं होतं. बोटाला टोचून साखर पाहिली: १०८. दोनशेच्या वर असती तर परत पाठवलं असतं, कारण रक्तात खरी साखर जास्त असली की तोतयाला दारात जागा मिळत नाही. मग शिशाच्या जाड आवरणातली सिरिंज आली. इंजेक्शन एवढंसं, आवरण केवढं तरी. तंत्रज्ञ मुलीने अंगावर दोन ब्लँकेटं टाकली आणि म्हणाली, “अंकलजी, एक घंटा लेटना है. बात नहीं करनी, मोबाइल नहीं, कुछ चबाना नहीं.” बडबड्या माणसाला ही शिक्षाच. पण नियमाला कारण होतं. बोलत राहिलं तर स्वरयंत्राचे स्नायू साखर खातात आणि गळ्यात ठिपका उजळतो. च्युइंगम चघळलं तर जबडा. ब्लँकेटांचं कारण मला सगळ्यात आवडलं. थंडीत शरीर ऊब धरायला मानेतली आणि खांद्यावरची तपकिरी चरबी पेटवतं, आणि पडद्यावर ती ग्रंथींच्या ओळीसारखी दिसते. जानेवारीच्या चंदीगडमध्ये, धुकं उतरलेल्या सकाळी, एक ब्लँकेट कमी पडलं तर कुणाच्या तरी मानेत खोटा कर्करोग निघायचा. संध्याकाळपर्यंत नातवाला मांडीवर घेऊ नका, हेही जाताना सांगितलं. ते दाजींना सगळ्यात जड गेलं.

आता तो आकडा. एसयूव्ही म्हटल्यावर दाजींच्या मुलाला गाडी आठवली, यात त्याचा दोष नाही. टोचलेलं औषध अंगभर अगदी सारखं पसरलं असतं तर प्रत्येक जागेचा आकडा १ आला असता. ९.४ म्हणजे त्या जागेने आपल्या वाट्याच्या नऊपटीहून जास्त उचललं. मॅक्स म्हणजे गाठीतल्या सर्वांत तापलेल्या एका बिंदूचा आकडा. १९९०च्या दशकात अडीच ही रेघ मारली गेली: वर गेला तर कर्करोगाचा संशय, खाली असला तर निर्धास्त. ही रेघ अजून अनेकांच्या डोक्यात पक्की बसली आहे आणि माझ्या मते तिने फायद्याइतकाच गोंधळही केला आहे. हा आकडा रक्तातल्या साखरेवर हलतो, इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन झाला यावर हलतो, रुग्णाच्या वजनावर आणि यंत्राच्या जातीवरही हलतो. फुप्फुसाच्या तळाशी असलेली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते, म्हणून तिचा उजेड सारवल्यासारखा पसरतो आणि आकडा पडतो. आठ-दहा मिलिमीटरहून लहान गाठीचा तर आकडा खरा मानूच नये. एका केंद्रातला ६ आणि दुसऱ्या केंद्रातला ७.५ यांची तुलना करून गाठ वाढली म्हणणं म्हणजे वाण्याच्या तराजूवरचं वजन सोनाराच्या काट्याशी ताडून पाहण्यासारखं.

तरीही आकडा गाठीच्या स्वभावाबद्दल काहीतरी बोलतो. सर्वसाधारणपणे स्क्वामस प्रकारच्या गाठी अ‍ॅडिनोकार्सिनोमापेक्षा जास्त उजळतात. वायुकोशांच्या भिंतींवरून हळूहळू पसरणारा, सीटीवर दुधी काचेसारखा दिसणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा फार कमी उजळतो. कार्सिनॉइड गाठीही तशाच. म्हणजे पेटवर अंधार दिसला म्हणून सुटलो असं होत नाही; काही कर्करोग गरीब गाईसारखे मान खाली घालून बसलेले असतात. भराभर विभागणाऱ्या पेशींची गाठ साधारणपणे जास्त तेजस्वी. २००८ साली युरोपीय संशोधकांनी तेरा अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा निदानाच्या वेळी ज्यांचा आकडा चढा होता, त्यांच्यातला मृत्यूचा धोका इतरांच्या २.२७ पट निघाला. त्यानंतर एका बिंदूच्या आकड्यावर न थांबता उजळलेल्या सगळ्या भागाचं घनफळ मोजायची पद्धत आली, आणि घनफळाला सरासरी उजेडाने गुणायचीही. एका लहानशा तापलेल्या बिंदूपेक्षा रोगाचं एकूण ओझं जास्त सांगतं, हे साध्या बुद्धीलाही पटतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे चित्रातल्या उजेड-सावलीच्या पोतावरून संगणकाने गाठीचे जनुक ओळखणं. ईजीएफआर या जनुकात बदल असलेली गाठ जास्त उजळते की कमी, यावर दोन्ही बाजूंनी निबंध आहेत. मला यात फारसा रस वाटला नाही. त्या बदलासाठी गोळी आहे, आणि गोळी द्यायची तर जनुकाची चाचणीच करायला हवी. चित्रावरून अंदाज बांधून कोण देणार?

पण भारतात पेटपुढे उभा असलेला खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याचं नाव टीबी.

क्षयाच्या गाठीत महाभक्षक पेशी जमतात. जंतूंशी झुंजताना त्या साखर ढोसतात. एफडीजीला शत्रू कोण आणि शिपाई कोण हे कळत नाही, त्याला फक्त भूक दिसते. जुनाट बुरशी, सार्कॉइडोसिस, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, बरा होत आलेला न्यूमोनिया, सगळेच उजळतात. २०१४ साली ‘जामा’ या नियतकालिकात सत्तर अभ्यासांचा आणि आठ हजारांवर गाठींचा एकत्रित आढावा आला. कर्करोग असेल तर पेट तो ८९ टक्के वेळा पकडतं, हे सगळीकडे जवळपास सारखंच. कर्करोग नसताना ‘नाही’ म्हणण्याची अचूकता मात्र जिथे असे फुप्फुसाचे संसर्ग विरळा तिथे ७७ टक्के, आणि जिथे ते घरोघरी तिथे ६१. आपला देश दुसऱ्या वर्गात किती खोलवर बसतो हे सांगायला जागतिक आरोग्य संघटनेचा एक आकडा पुरे: २०२३ सालच्या जगातल्या नव्या क्षयरोग्यांपैकी २६ टक्के भारतातले, अंदाजे २८ लाख. याच्या शेजारी ठेवायचा आकडा म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचे २०२२ सालातले भारतातले अंदाजे ८१ हजार नवे रुग्ण. अमेरिकेत बसून लिहिलेली मार्गदर्शक तत्त्वं इथे जशीच्या तशी उचलली तर काय होईल, ते या दोन आकड्यांत आहे.

यावर उपाय शोधले गेले. एक असा की तासाभराने आणि मग दोन-तीन तासांनी असे दोन स्कॅन करायचे. कर्करोगाचा उजेड वाढत जाईल आणि सुजेचा उतरेल अशी आशा. क्षयाच्या गाठींनी ती आशा पुरवली नाही, त्यांचाही उजेड वाढत जातो. मग उरतो अनुभवी डोळा. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी अगदी सारख्या उजळल्या तर सार्कॉइड किंवा क्षयाची शक्यता जास्त. एकाच बाजूला, गाठीच्या वाटेवरच्या ग्रंथी उजळल्या तर कर्करोगाची. सीटीवर चुना साठलेला दिसला तर जुन्या आजाराकडे बोट. पण ही सगळी शक्यतांची भाषा.

उलट दिशेने होणारी चूकही उत्तर भारतात काही कमी नाही. खोकला आणि वजन घटलेलं, एक्स-रेवर डाग, म्हणून महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालतात आणि खाली गाठ वाढत राहते. पीजीआयच्या छातीविकार विभागातल्या डॉक्टरांनी २०१० साली तीन दशकांच्या रुग्णांचा हिशेब मांडला. त्या निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी चित्र न बदलल्याचं सांगून टाकलं होतं. विडी-सिगारेट ओढणारे पुरुष, स्क्वामस प्रकार वरचढ, आणि बहुतेक जण उशिरा आलेले. पुढच्या काळात देशभर अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा वाटा वाढत गेला; उशीर मात्र तसाच राहिला.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत पेटने आपली किंमत नक्की वसूल केली आहे. छाती उघडायची, बरगड्या फाकवायच्या आणि मग कळायचं की रोग आधीच पसरलेला होता, किंवा वर्षभरात तो परतायचा: अशा शस्त्रक्रियेला वाया गेलेली म्हणतात. नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या तपासण्यांवर विसंबलेल्या गटात अशा वाया गेलेल्या शस्त्रक्रिया ४१ टक्के होत्या, पेटची जोड दिलेल्या गटात २१. डेन्मार्कच्या २००९ सालच्या चाचणीत ५२ विरुद्ध ३५. त्या दुसऱ्या चाचणीत दोन्ही गटांचं आयुर्मान मात्र सारखंच निघालं. म्हणजे पेटने माणसं जास्त जगवली असं नाही. ज्यांना कापून उपयोग नव्हता अशा अनेकांना न कापता सोडलं. मला तेही थोडं वाटत नाही.

अधिवृक्क ग्रंथी, हाडं, यकृताचा कोपरा, अशा लपलेल्या जागा पेट दाखवतं. एक मोठी जागा मात्र त्याला दिसत नाही: मेंदू. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की सगळं डोकंच लखलखतं आणि त्यात छोटी गाठ कुठे हरवते ते कळत नाही. त्यासाठी एमआरआय वेगळा. “पूर्ण बॉडी झाली की, आता डोक्याचं कशाला?” हा प्रश्न ताईनेही विचारला होता.

छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथी हा सगळ्यात नाजूक मुद्दा. तिथे रोग पोचला नसेल तर गाठ थेट कापता येते. पोचला असेल तर आधी औषधं, कधी किरण, कधी शस्त्रक्रिया नाहीच. २०२५च्या जानेवारीपासून लागू झालेल्या, रोगाचे टप्पे ठरवणाऱ्या नवव्या वर्गवारीत तर एकाच ठिकाणची ग्रंथी बाधित आहे की अनेक ठिकाणच्या, यावरून दोन वेगळे उपगट झालेत. म्हणजे एकेका ग्रंथीबद्दलचं उत्तर आधीपेक्षा महाग झालं. अशा वेळी ग्रंथी उजळली तर तिथे सुई घालून खात्री केल्याशिवाय रुग्णाला शस्त्रक्रियेच्या यादीतून काढू नये, हे आता सर्वमान्य आहे. सुई जाते ती तोंडावाटे, श्वासनळीतून, टोकाला सोनोग्राफी असलेल्या दुर्बिणीने. तिला ईबस म्हणतात. क्षयाच्या देशात ईबसविना पेट म्हणजे पंचाविना सामना.

दाजींचा ईबस करणाऱ्या तरुण डॉक्टरने सुई घालण्याआधी सहज विचारल्यासारखं विचारलं, “अंकल, कभी टीबी हुआ था?” दाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हां. पैंतालीस साल पहले.” बावीस वर्षांचे असताना, १९७८ साली, मिरजेजवळच्या वानलेसवाडीला. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, आणि पुढे दीड वर्ष गोळ्या. ताई शेजारी उभी होती. त्यांचं लग्न १९८३चं. चाळीस वर्षांत तिला हे कळलेलं नव्हतं.

ग्रंथींमधून काढलेल्या ऊतकात कर्करोगाची एकही पेशी निघाली नाही. दाहाच्या पेशींचे पुंजके निघाले. ते जुन्या क्षयाचे, की शेजारच्या गाठीला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, यावर डॉक्टरांमध्ये थोडी चर्चा झाली, तसंही होतं. क्षयाच्या जंतूची चाचणी नकारात्मक आली, म्हणून टीबीचं औषध दिलं नाही. पसरलाय का, या ताईच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं मिळालं.

गाठीतून तुकडा काढणं हे वेगळंच कौशल्य. मोठ्या गाठीचं पोट बऱ्याचदा मेलेलं असतं, रक्तपुरवठा न पोचल्यामुळे सडलेलं. सीटीवर सगळी गाठ एकसारखी करडी दिसते. सुई मधोमध जाते आणि प्रयोगशाळेतून उत्तर येतं: मृत ऊतक, निदान शक्य नाही. मग पुन्हा बोलावणं, पुन्हा भीती, पुन्हा फुप्फुसात हवा गळण्याचा धोका. पेटवर हीच गाठ अंगठीसारखी दिसते, कडा पेटलेली आणि मध्य काळा. सुई कुठे घालायची ते चित्रच सांगतं. पीजीआयच्या अणुवैद्यक विभागाने हेच थेट पेटच्या पलंगावर केलं: रुग्ण यंत्रात, उजळलेला भाग पडद्यावर, आणि सुईचा कोन आणि खोली ठरवणारा स्वयंचलित यांत्रिक हात. छातीतल्या ज्या गाठींची आधीची बायोप्सी वाया गेली होती, अशाच रुग्णांवरचा त्यांचा अनुभव २०१७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिओलॉजी’त आला. पेटचा मला वाटणारा सर्वांत भरवशाचा उपयोग हा. उजेडाला निकाल द्यायला न सांगता त्याला वाट दाखवायला लावायचं.

आणि भूक सोडून दुसरं काही विचारायचं असेल तर? मग औषध बदलायचं. इथेही चंदीगडचं काम आहे. सीएक्ससीआर-४ नावाचा एक ग्राहक-रेणू अनेक कर्करोगांच्या पेशींवर बसलेला असतो आणि त्यांना पसरायला मदत करतो. म्युनिकमध्ये तयार झालेला पेंटिक्साफोर हा रेणू नेमका त्याला चिकटतो. त्यावर गॅलियम-६८ बसवून पीजीआयच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले आणि स्मॉल सेल प्रकारात त्याचा साठा इतर प्रकारांपेक्षा जास्त असल्याचं २०१७ साली कळवलं. पुढे २०२३ साली गाठीच्या तुकड्यातल्या ग्राहकांची प्रत्यक्ष मोजदाद करून चित्राशी ताडून पाहिली. हे महत्त्वाचं, कारण इथे उजेडाला एक ठरलेला अर्थ आहे: तो ग्राहक इथे आहे. आणि जो रेणू गॅलियम वाहून नेतो, तोच उद्या मारक किरणोत्सारी अणूही नेऊ शकेल.

गॅलियमची एक सोय आहे. त्याला सायक्लोट्रॉन लागत नाही. जर्मेनियम-६८ भरलेली डब्यासारखी एक नळी प्रयोगशाळेत असते. जर्मेनियमचं अर्धायुष्य २७१ दिवसांचं, त्यातून सतत गॅलियम पाझरतं, आणि सकाळी आम्ल सोडून ते काढून घेतात. या कामाला जगभर धार काढणंच म्हणतात. गाय वर्षभर पुरते, दूध मात्र ६८ मिनिटांत निम्मं.

बाकीच्या अशा औषधांची नुसती हजेरी घेतो. कार्सिनॉइडसाठी डोटाटेट, जे एफडीजीला न दिसणाऱ्या गाठी दाखवतं. गाठीभोवतीच्या तंतुमय ऊतकाला चिकटणारं एफएपीआय, हायडेलबर्गचं, सध्या सगळ्यांचं लाडकं. प्राणवायूविना तगलेला, किरणांना दाद न देणारा भाग दाखवणारं एफ-मिसो. आणि इम्युनोथेरपीचं लक्ष्य असलेला पीडी-एल१ दाखवणारी अणू-खुणा केलेली प्रतिपिंडं. २०१८ साली नेदरलँड्समधून त्यावर दोन लक्षवेधी अभ्यास आले. एकाच रुग्णाच्या अंगात एक गाठ उजळते आणि दुसरी नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं. एका जागेचा तुकडा काढून सगळ्या रोगाचं वर्तन ठरवण्याच्या आपल्या सवयीला हा धक्काच आहे. यातलं बरंच अजून संशोधनाच्या खोलीत आहे. चंदीगडच्या वेशीवर, मुल्लांपूरला, २०२२च्या ऑगस्टमध्ये टाटा मेमोरियलचं होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं. पण पंजाबच्या मालव्यातून ‘कॅन्सर ट्रेन’ने उपचारांसाठी बिकानेरला जाणाऱ्या शेतकऱ्याला आधी साधा एफडीजीचा स्कॅन वेळेत मिळावा, ही निकड पेंटिक्साफोरच्या कितीतरी आधीची.

किरणोपचाराचं नियोजन करताना पेटचा फायदा होतो. गाठीने नळी दाबल्यामुळे पुढचं फुप्फुस आकसतं, आणि सीटीवर गाठ कुठे संपते आणि आकसलेला भाग कुठे सुरू होतो ते समजत नाही. पेटवर समजतं. २०२० सालच्या ‘पेट-प्लॅन’ चाचणीत फक्त उजळलेल्या भागावर मारा केलेल्या गटात रोग तिथेच परतण्याचं प्रमाण वर्षभरात १४ टक्के होतं, जुन्या रुंद आखणीच्या गटात २९. उपचार संपल्यावर मात्र घाई करू नये. किरणांनी भाजलेलं फुप्फुस सुजतं, आणि सूज उजळते. इम्युनोथेरपीतही सुरुवातीला गाठ फुगून जास्त उजळू शकते, शिपायांची गर्दी झाल्यामुळे.

दाजींच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड मार्चमध्ये काढला. स्क्वामस, ग्रंथी स्वच्छ. पुढच्या तपासणीला ताईने डॉक्टरांना गळच घातली: “दर सहा महिन्यांनी पेट करून टाकू, पैशांचा प्रश्न नाही.” डॉक्टरांनी नकार दिला. जखम भरतानाची सूज, दाजींच्या जुन्या ग्रंथी, सगळं दर वेळी उजळणार, दर वेळी सुई, दर वेळी झोप उडणार. सीटी पुरे, संशय आला तर पाहू.

सीटीच्या अर्जावर पूर्वीच्या आजारांसाठी एक ओळ असते. पेटच्या अर्जावरही होती, आणि ती कोरी गेली होती. या वेळी ताईने पेन मागून घेतलं आणि दाजींच्या देखत ठसठशीत अक्षरात लिहिलं: टीबी, १९७८, वानलेसवाडी.